कशावाचून रिकामं? – अनित्यता आणि शून्यतेवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या टिपणात धम्मपदातल्या तीन ओळी दिल्या होत्या : ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, ‘सब्बे धम्मा अनत्ता’, म्हणजे घडलेलं सगळं अनित्य, घडलेलं सगळं दुःख, आणि कुठल्याच गोष्टीत ‘मी’ म्हणावा असा आत्मा नाही. शेवटी जाता जाता ‘महायानातली शून्यता ही याच विचाराची पुढची पायरी’ असं एक वाक्य होतं. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : अनित्य म्हणजे टिकत नाही, शून्य म्हणजे नाहीच. मग पहिल्याची पुढची पायरी दुसरं कसं? आणि ‘शून्य’ हा शब्द बुद्धांचा, की नंतरच्या पंडितांचा? (निवृत्त शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे)

शब्द बुद्धवचनातलाच आहे. संयुत्त निकायात, म्हणजे पाली त्रिपिटकातल्या एका सुत्तसंग्रहात, भन्ते आनंद विचारतात, ‘सुञ्ञो लोको’, जग शून्य आहे, असं म्हटलं जातं ते कशामुळे? बुद्धांचं उत्तर नेमकं आहे : ‘अत्तेन वा अत्तनियेन वा’, म्हणजे ‘मी’ आणि ‘माझं’ यांवाचून ते रिकामं आहे, म्हणून. पुढे डोळा, डोळ्याला दिसणारं रूप, पाहण्याची जाणीव, अशी एकेक गोष्ट घेऊन ते हेच दाखवतात.

या उत्तरातलं ‘वाचून’ फार महत्त्वाचं आहे. आपण घागर रिकामी म्हणतो ती पाण्यावाचून, वाडा ओस म्हणतो तो माणसांवाचून. घागर असते, वाडा असतो. ‘शून्य’ शब्द दिसला की आधी विचारायचं, कशावाचून? हा प्रश्न न विचारल्यामुळेच शून्याचं ‘नाहीच’ होतं.

मज्झिम निकायातल्या चूळसुञ्ञत सुत्तात बुद्ध हे हातात दिल्यासारखं दाखवतात. ते श्रावस्तीला मिगारमातेच्या प्रासादात आहेत. ते म्हणतात, हा प्रासाद हत्तींवाचून, गाईगुरांवाचून, घोड्यांवाचून, सोन्यारुप्यावाचून, स्त्री-पुरुषांच्या गर्दीवाचून रिकामा आहे. पण भिक्षुसंघ मात्र इथे आहे. मग नियम सांगतात : जे तिथे नाही त्यावाचून ते रिकामं आहे असं पाहावं, आणि जे उरलं आहे ते ‘हे आहे’ असं जाणावं. नियमाचे हे दोन्ही भाग एकत्रच धरावे लागतात. पहिलाच धरला तर सगळ्याला नाही म्हणत सुटतो, आणि दुसराच धरला तर जे दिसतं त्यालाच चिकटून बसतो.

आता पायरीविषयी. समजा, ठाण्याहून ८.१४ ला पनवेल गाडी सुटते आणि तुम्ही रोज त्याच गाडीने जाता. अनित्यता सांगते की कालची ८.१४ आज नाही. डबे वेगळे, मोटरमन वेगळा, चौथ्या सीटसाठी सरकून घेणारी माणसं वेगळी. एवढं सगळ्यांना पटतं. शून्यता त्यापुढचा प्रश्न विचारते : आज, या क्षणी, फलाटावर उभी असलेली ८.१४ तरी नेमकी कुठे आहे? डब्यांत म्हणावं, तर हेच डबे दुपारी दुसऱ्या नावाने दुसरीकडे धावणार. वेळेत म्हणावं, तर ती ८.२२ ला आली तरी सगळे तिला ८.१४ च म्हणतात. मोटरमनमध्ये नाही, रुळांत नाही, वरच्या तारेत नाही. आणि हे सगळं बाजूला काढलं तर वेगळी अशी ८.१४ उरतही नाही. तरी ती आहे. ती पकडता येते, चुकते, आणि चुकली की लेटमार्क लागतो.

ती आहे, पण स्वतःच्या बळावर नाही. डबे, वीज, वेळापत्रक आणि आपण सगळ्यांनी मानलेलं एक नाव यांच्या आधाराने आहे. अशा ‘स्वतःच्या बळावर असण्याला’ शास्त्रात स्वभाव म्हणतात, आणि त्या स्वभावावाचून रिकामं असणं ही शून्यता. सुमारे दुसऱ्या शतकातल्या नागार्जुनांनी मूलमध्यमककारिकेत हेच लिहिलं : ‘यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे’, जे कारणांच्या आधाराने उत्पन्न होणं आहे त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. गाडीच्या जागी त्यांच्या काळी रथ होता. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनांनी रथाचा एकेक भाग घेऊन ‘हाच रथ का?’ असं विचारलं ते अनेकांना ठाऊक असतं. पण तो दाखला त्याआधी वजिरा भिक्खुणीने माराला, म्हणजे साधकाला भुलवणाऱ्याला, दिला होता : अवयव जुळले की ‘रथ’ हा शब्द होतो, तसंच खंध (शरीर-मनाचे पाच घटक) जुळले की ‘प्राणी’ हा व्यवहार होतो. तिचं नाव सहसा घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

म्हणजे दोन्हींचा सांधा असा : गोष्ट बदलते, यावरून कळतं की तिच्यात न बदलणारा गाभा नाही. सत्यनारायणाला चौरंगाच्या कोपऱ्यांना बांधलेले केळीचे खांब दुसऱ्या दिवशी टाकण्याआधी त्यातला एक सोलून पाहा. बाहेरचं जाड सोपट, आतलं पातळ, त्याच्या आत आणखी पांढरं, पाणीदार. एकेक निघत जातं आणि लाकूड म्हणावं असं काही हाती लागत नाही. बुद्धांनी संखारांना हीच उपमा दिली आहे. सोपटं खरी होती, खांब उभा होता, मंडपही पेलला. आत गाभा मात्र नव्हता.

प्रश्न : सगळंच शून्य असेल तर शील कशाला, आणि अन्यायाविरुद्ध लढायचं तरी कशाला? आमच्या इमारतीतले एक गृहस्थ ‘जात वगैरे सगळी माया’ म्हणतात आणि भाडेकरू ठेवताना मात्र आडनाव विचारतात. (ऐरोली)

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग नागार्जुनांनाही विचारला गेला होता. कारिकेच्या २४ व्या प्रकरणातल्या पहिल्या सहा कारिका याच आक्षेपाच्या आहेत : सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यं नाहीत, संघ नाही, बुद्धही नाही. नागार्जुन आक्षेप उलटवतात. वस्तूंना पक्का, आपला आपण असणारा स्वभाव असता तर दुःख कधी निर्माणच झालं नसतं, आणि असलेलं कधी संपलं नसतं. अज्ञानी माणूस स्वभावानेच अज्ञानी ठरला असता, मग मार्ग चालून उपयोग काय? ‘सर्वं च युज्यते तस्य शून्यता यस्य युज्यते’, ज्याला शून्यता जुळते त्याचं सगळंच जुळतं.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (१९५७, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध) हाच धागा उचलला आहे. बौद्धांचं शून्य म्हणजे सर्वनाश नव्हे, क्षणोक्षणी चाललेला बदल, असं सांगून ते म्हणतात की या शून्यतेमुळेच सगळं शक्य होतं. वस्तू अनित्य नसत्या तर दुसरं काही घडूच शकलं नसतं. समाज बदलायला निघालेल्या माणसाने हे का पकडलं ते उघड आहे.

जातीचं पाहा. वासेट्ठ सुत्तात बुद्ध गवत, झाडं, किडामुंगी, चतुष्पाद, मासे, पक्षी एकेक घेतात आणि म्हणतात, यांच्यात जन्मजात वेगळी चिन्हं दिसतात. माणसांत केस, कान, डोळे, हात, पाय यांत तशी चिन्हं नाहीत. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. माणूस ब्राह्मण होतो किंवा होत नाही तो कर्माने. म्हणजे जात स्वभावावाचून रिकामी आहे. पण ती रीती, भीती, आडनावं, सोयरिकी आणि भाडेकरार यांच्या आधाराने उभी आहे, आणि ८.१४ च्या गाडीसारखीच व्यवहारात पुरेपूर काम करते. तिच्यामुळे माणसाला घर मिळत नाही. तुमच्या इमारतीतले गृहस्थ ‘माया’ म्हणताना परमार्थसत्याची, म्हणजे अंतिम सत्याची, भाषा वापरतात आणि आडनाव विचारताना व्यवहाराची. ही सरमिसळ त्यांच्या सोयीची आहे, तिचा शून्यतेशी संबंध नाही. जात आधारांवर उभी आहे, म्हणूनच ते आधार काढून घेता येतात. ती स्वभावाने असती तर कोणताही लढा व्यर्थ गेला असता.

चुकीची पकडलेली शून्यता मंदबुद्धीचा नाश करते, चुकीच्या पकडलेल्या सापासारखी, असं नागार्जुन म्हणतात. ही उपमा मूळची अलगद्दूपम सुत्तातली, आणि तिथे पकडायची रीतही दिली आहे. शेपटीकडून किंवा विळख्याकडून धरलं तर साप उलटून हाताला डसतो. शेळीच्या खुरासारखी टोकाला फाटा असलेली काठी घेऊन आधी तो दाबायचा आणि मग मानेशी धरायचा. शून्यतेची मान म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. ‘कशाच्या आधाराने उभं आहे?’ इथून धरलं की ती डसत नाही. ‘काहीच नाही’ हे शेपटीकडून धरणं झालं.

प्रश्न : अंत्यसंस्काराला आणि पुण्यानुमोदनाला भन्तेजी ‘अनिच्चा वत सङ्खारा’ म्हणतात. आम्ही मागून म्हणतो, पण अर्थ विचारला तर प्रत्येक जण वेगळा सांगतो. (घणसोली, नवी मुंबई)

गाथा चार ओळींची आहे :

अनिच्चा वत सङ्खारा
उप्पादवयधम्मिनो ।
उप्पज्जित्वा निरुज्झन्ति
तेसं वूपसमो सुखो ॥

गोंधळ तीन शब्दांवर होतो, आणि तिन्ही ठिकाणी मराठीच आड येते.

‘सङ्खारा’ म्हणजे आपले ‘संस्कार’ नव्हेत. मराठीत संस्कार म्हटलं की आईवडिलांचं वळण किंवा विधी आठवतात, म्हणून काही जण पहिल्या ओळीचा अर्थ ‘संस्कार टिकत नाहीत’ असा करतात. पालीत सङ्खार म्हणजे कारणांनी एकत्र येऊन घडलेलं काहीही : शरीर, विचार, इमारत, नातं, सवय.

‘वय’ म्हणजे माणसाचं वय नव्हे. संस्कृत ‘व्यय’ पालीत ‘वय’ होतो, जमाखर्चातला व्यय. ‘उप्पाद-वय-धम्मिनो’ म्हणजे उत्पन्न होणं आणि ओसरणं हाच ज्यांचा धर्म आहे असे.

‘तेसं’ म्हणजे ‘त्यांचं’, आणि ते सङ्खारांकडे जातं, गेलेल्या माणसाकडे नाही. यावर सगळा अर्थ फिरतो. शेवटच्या ओळीचा अर्थ ‘मरण सुखाचं’ असा केला तर तो धम्माच्या उलट जातो आणि शोकाने खचलेल्या माणसाला घातकही ठरू शकतो. तृष्णा, द्वेष, मोह यांच्या इंधनावर नवनवं घडवत राहण्याची जी धडपड, ती निवणं म्हणजे वूपसम. ते सुख जिवंतपणीच मिळवायचं आहे.

सलग अर्थ असा : खरोखर, घडलेलं सगळं अनित्य आहे, उपजणं आणि ओसरणं हा त्याचा धर्म. उपजतं आणि विरतं. त्याचं शांत होणं हे सुख.

महापरिनिब्बान सुत्तात, कुशिनाऱ्याला जोड सालवृक्षांखाली बुद्धांचं परिनिर्वाण झाल्यावर देवांचा राजा शक्र ही गाथा म्हणतो. तिच्या आधीचा प्रसंगही माहीत हवा. वेळ जवळ आली तेव्हा भन्ते आनंद आत जाऊन दाराला टेकून रडत उभे राहिले. बुद्धांनी त्यांना बोलावून घेतलं. प्रिय असलेल्या सगळ्यांपासून वियोग होतोच हे मी आधीच सांगितलं नव्हतं का, असं म्हणाले. आणि लगेच, तू दीर्घकाळ काया-वाचा-मनाने मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस, असं सांगून भर संघासमोर त्यांचं कौतुक केलं. ‘आधीच सांगितलं होतं’ हे शब्द लक्षात घ्या. अनित्यतेचा अभ्यास मरणाच्या दारात सुरू करायचा नसतो. आणि किसागोतमी मेलेलं मूल घेऊन आली तेव्हा बुद्धांनी ‘अनित्य आहे’ असं म्हटलंच नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण, एवढंच म्हणाले. ती दारोदार फिरली. कळलं ते तिला स्वतःला, पायांनी चालून.

म्हणून सांत्वनाला जाल तेव्हा ‘सगळं अनित्य आहे, रडू नका’ म्हणू नका. रडणं हाही सङ्खारच आहे, उपजेल आणि ओसरेल. जवळ बसा, चहा करा, कागदपत्रांना मदत करा. गाथेचा अर्थ ती व्यक्ती स्वतः विचारेल त्या दिवशी सांगा.

प्रश्न : रोज २० मिनिटं बसते. मनात ‘अनित्य, अनित्य’ म्हणते. सहा महिने झाले, काही कळल्यासारखं वाटत नाही. नक्की पाहायचं काय? मध्ये काही दिवस छातीत धडधडून भीतीही वाटली. (खारघर)

मनातला तो शब्द आधी सोडा. शब्दाचा जप चालू असताना लक्ष शब्दावर असतं, आणि त्या २० मिनिटांत सर्वांत न बदलणारी गोष्ट तोच शब्द होऊन बसतो. अनित्य हे म्हणण्यापेक्षा बघण्याचं काम आहे, आणि बघण्यासाठी एका वेळी एकच छोटी गोष्ट पुरते.

वेळेचे भाग करा. पहिली ५ मिनिटं फक्त श्वास, नाकपुड्यांपाशी. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला वळण लावायचं नाही. पुढची १० मिनिटं निरीक्षण. शेवटची ५ मिनिटं मैत्री, म्हणजे स्वतःपासून सुरू करून घरातले, शेजारी, मग ज्यांच्याशी पटत नाही तेही, ‘सुखी होवोत’. ही शेवटची ५ मिनिटं गाळू नका. का ते पुढे येतं.

निरीक्षणाच्या १० मिनिटांत पहिला आठवडा फक्त आवाज घ्या, तेही संपणारे आवाज : शेजारच्या कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, खालून गेलेली रिक्षा. शिट्टीच घेऊ. आधी बारीक सुरसुर होते, मग ती चढते, एका जागी टोकाला पोचते, फुटल्यासारखी होते, उतरते आणि थांबते. थांबल्यावर कानात काय उरतं तेही पाहा. बहुतेकांचा शेवटच निसटतो, कारण शिट्टी अर्ध्यात असतानाच मन ‘कितवी झाली, गॅस कोणी बंद करणार का’ इथे पोचलेलं असतं. निसटला तर चिडू नका, पुढच्या आवाजाचा शेवट धरा. पंख्याची घरघर मुद्दाम दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. ती सलग वाटते, आणि सलग वाटणाऱ्या आवाजात तुकडे ऐकू यायला कान थोडे तयार व्हावे लागतात.

तिसऱ्या आठवड्यापासून शरीर. खाज उत्तम. गालावर खाज सुटली की दोन मिनिटं खाजवू नका. ती नक्की कुठे आहे? कड कुठवर आहे? सरकते का, टोचते की जळते? ‘खाज’ या एका नावाखाली कितीतरी वेगळी स्पंदनं निघतात, आणि अनेकदा ती आपोआप विरून जाते. गुडघेदुखीच्या बाबतीत हट्ट नको. बधिरपणा, मुंग्या पाहायला हरकत नाही. सांध्यात तीक्ष्ण कळ आली किंवा उठल्यावरही दुखत राहिलं तर ती इजेची खूण आहे. आसन बदला, खुर्चीवर बसा.

त्यानंतर वेदना. पालीत वेदना म्हणजे दुखणंच नव्हे; सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही अशी प्रत्येक अनुभवाची तीन प्रकारची चव. मोबाइल किणकिणला. आवाज झाला, लगेच एक गोड ओढ जाणवली, मग हात पुढे गेला. ओढ आणि हात यांच्यामध्ये एक फट असते. प्रतीत्यसमुत्पादातली वेदनेकडून तण्हेकडे (तृष्णेकडे) जाणारी कडी तिथेच पाहायला मिळते, आणि तुटू शकते तीही तिथेच. बुद्धांनी वेदनेला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा दिली, गंगेच्या काठी बसून : मोठमोठ्या थेंबांचा पाऊस पडताना पाण्यावर बुडबुडा येतो आणि फुटतो. पावसाळ्यात गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्याकडे पाच मिनिटं बघा. एकच बुडबुडा निवडायचा प्रयत्न करा. निवडेपर्यंत तो गेलेला असतो, आणि त्याच्या जागी आलेल्याला आपण ‘तोच’ म्हणून मोकळे होतो. ‘मी’ असाच जोडलेला असतो.

आता बिघडतं कुठे ते. शब्दाचा जप हे एक झालं. दुसरं, निरीक्षणाऐवजी विचार सुरू होतो : ‘सगळंच बदलतं, मग नित्य काय?’ प्रश्न चांगला आहे, तो उठल्यावर वहीत लिहा. तिसरं सर्वांत फसवं : कोरडेपणा. ‘सगळं जाणारच, मग स्वयंपाक कशाला, मुलाचा अभ्यास कशाला’ असं वाटू लागतं आणि माणसाला वाटतं की वैराग्य आलं. बहुतेक वेळा ती विभवतण्हा असते, सगळ्यापासून सुटण्याची तहान. ओळखायची खूण सोपी आहे. माणसांवर चिडचिड वाढली असेल तर ते वैराग्य नाही. खऱ्या पाहण्याने पकड सैल होते आणि माणूस मऊ होतो. म्हणून शेवटची ५ मिनिटं मैत्रीची. कोरडेपणा आला तर ती १० करा आणि निरीक्षण ५ वर आणा.

भीतीविषयी. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात विपश्यनेच्या ज्ञानांचा जो क्रम आहे, त्यात सगळं भंगताना दिसण्याच्या पुढची पायरी भयाचीच आहे. पण तुम्हाला आलेली धडधड म्हणजे ती पायरी, असा निष्कर्ष ग्रंथ वाचून काढू नका. साधी चिंता, अपुरी झोप, थायरॉइड, काहीही असू शकतं. बसलेलं असताना भीती आली तर डोळे उघडा, तळवे जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, पाणी प्या आणि त्या दिवसापुरतं थांबा. झोप उडाली, किंवा दिवसाही धडधड होऊ लागली, तर बसणं बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. त्यात धम्माचा पराभव नाही.

जाणत्या मार्गदर्शकासमोर शिकायचं असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीला किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीवरच्या केंद्रात दहा दिवसांचं शिबिर करता येतं. सुरुवातीचे तीन दिवस फक्त आनापान (श्वासाचं निरीक्षण), चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्री आणि मौन सुटतं, अकराव्या दिवशी सकाळी घरी. अर्जात मानसिक त्रास आणि चालू औषधं यांची माहिती विचारतात; लपवू नका, आणि शिबिरासाठी औषधं परस्पर बंद करू नका.

प्रश्न : शून्य आणि ब्रह्म ही एकाच तत्त्वाची दोन नावं नव्हेत का? (वाशी)

नव्हेत. वेदान्ताचं ब्रह्म नित्य आहे आणि सगळ्याचा आधार आहे. शून्यता आधार म्हणून कुठे खाली बसलेली नाही. ती वस्तूंची असण्याची रीत आहे, आणि स्वतःही शून्यच आहे. सातव्या शतकात चंद्रकीर्तींनी यावर चपखल दाखला दिला. दुकानदार म्हणाला, तुला विकायला माझ्याकडे काही नाही. गिऱ्हाईक म्हणालं, मग ते ‘काही नाही’च दे. त्या गिऱ्हाइकाच्या हातात काय द्यायचं? शून्यतेचं तत्त्व करणाऱ्याची हीच अवस्था होते. ज्यांनी शून्यतेचीच दृष्टी करून घेतली ते असाध्य, असं नागार्जुनांनी स्पष्ट म्हटलं आहे. दोन परंपरांमध्ये आदराने संवाद व्हावा, पण दोघींचं म्हणणं एक करून टाकलं तर संवादाला काही उरत नाही.

प्रश्न : आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? (कोपरी, ठाणे पूर्व)

मिलिंदपञ्हातलं, म्हणजे मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादातलं, उत्तर : एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून दुसऱ्यात काही उडी मारून गेलं का? ‘न च सो, न च अञ्ञो’, तोच नाही आणि वेगळाही नाही. बाबासाहेबांची मांडणी निराळी आहे. पुनर्जन्म आत्म्याचा नाही, पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांचा. शरीर संपल्यावर ती विश्वातल्या त्या त्या भूतांत मिसळतात आणि पुन्हा जुळतात. विहारांत दोन्ही ऐकायला मिळतात. न बदलता इकडून तिकडे जाणारा कोणी प्रवासी नाही, यावर दोन्हींचं एकमत आहे.

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगावं? जवळपास दाखवण्यासारखं काही आहे का? (घोडबंदर रोड)

कान्हेरीला न्या. घोडबंदर रोडने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी पोचता येतं, तिथून लेणी आत काही किलोमीटरवर आहेत. सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर निघा, पाणी जास्त घ्या, पकड असलेले बूट घाला. पावसाळ्यात कोरलेल्या पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात. शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी पाहायच्या मागे लागू नका. तीन ठिकाणं पुरेत.

पहिलं, ३ क्रमांकाचं चैत्यगृह. मुलांना विचारा, हे बांधायला किती दगड लागले असतील? एकही नाही. इथे काही रचलेलं नाही, काढून टाकलेलं आहे. बेसाल्टच्या डोंगरातून दगड बाहेर गेला आणि जी पोकळी उरली तिच्यात माणसं वंदनेला बसली. दालन दगडावाचून रिकामं आहे म्हणूनच दालन आहे. दालनाच्या टोकाचा स्तूप मात्र भरीव आहे, तो डोंगराचाच राहिलेला भाग. काही खांबांवर पूर्ण कोरीव काम आहे, काही साधेच राहिले आहेत. मुलांना ते शोधायला लावा.

दुसरं, पोढ्या. पावसाचं पाणी साठवायला बहुतेक लेण्यांजवळ कोरलेली टाकी आणि त्यांच्याकडे जाणारे उथळ चर. टाकी म्हणजे पुन्हा कोरून काढलेली पोकळी, आणि तिच्यावर भिक्षूंचं वर्ष निघत असे. कोणी दान दिलं ते काही ठिकाणी ब्राह्मीत कोरलेलं असतं; कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची गावं त्यात आहेत. मुलांना आपल्या जिल्ह्यातल्या कल्याणचं नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात सापडलं की ती थांबून वाचतात.

तिसरं, निर्वाणवीथी. लांब कड्याच्या पोटाखाली दिवंगत भिक्षूंसाठी बांधलेल्या विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. बहुतेकांचे पायेच उरलेत. इथे व्याख्यान नको. मुलं विचारतील तेवढंच सांगा.

उतरताना एखाद्या लहान लेण्यात, भिंतीलगतच्या दगडी बाकावर मुलांना पाच मिनिटं बसवा आणि वहीत दोन याद्या करायला सांगा : इथे काय नाही, आणि इथे काय आहे. पहिली यादी भराभर होते – दार, दिवा, पलंग, भिक्षू. दुसरी यादी हळूहळू भरते, आणि तिला वेळ द्या : गारवा, छिन्नीच्या तिरक्या खुणा, बाहेरचा पक्षी, पाणी ठिबकल्याचा आवाज, शेजारी बसलेल्या बहिणीचा श्वास.